डाव्या सीटवरचं पोतं

आमच्या गल्लीत सगळ्यात मोठ्यानं बोलणारा आणि सगळ्यात शांत संसार करणारा माणूस एकच होता. अंबादास दासरी. गल्ली त्यांना जॉबर म्हणायची, कारण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं माग दुरुस्त केले होते, आणि माग दुरुस्त करणाऱ्याला सोलापुरात जॉबर म्हणतात. एका पत्र्याखाली चाळीस माग अडतीस वर्षं ऐकल्यावर उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा सणासुदीला चालायचा. त्यामुळे जॉबर सगळ्यांशीच, समोरचा माणूस पलीकडच्या मागावर उभा आहे अशा आवाजात बोलत. सकाळी सात वाजता ते रस्त्याच्या त्या बाजूनं मला विचारत, "सर, चहा झाला का?" आणि उत्तर चौथ्या घरातून येई.

बायकोशी मात्र ते अजिबात आवाज न करता बोलायचे. नरसाबाई त्याच कारखान्यात मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. या दोघांचं लग्नाआधीचं सगळं बोलणं असंच झालं होतं, मुकादमाच्या नाकासमोर, मुकादमाला पत्ता न लागता. पुढे कारखाना सुटला तरी सवय सुटली नाही. संध्याकाळी ती दारात भाजी निवडत बसे, हे समोर स्टूल टाकून बसत, आणि तासभर गप्पा चालत. आधीच तेलुगू, त्यात बिनआवाजी. मी कॉलेजात तीस वर्षं भाषा शिकवली, पण समोरच्या घरातलं एकही भांडण मला कधी समजलं नाही. शेजारी म्हणून हा माझा मोठाच तोटा.

अशा माणसानं निवृत्तीनंतर स्पोर्ट्स कार घेतली.

ती त्यांना नातेपुत्याजवळ एका गोठ्यात सापडली. जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. मांडवाच्या मागच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखाली काहीतरी लाल दिसलं, म्हणून जॉबर जेवण सोडून उठले. दोन सीटची, बुटकी, उघड्या टपाची गाडी. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात अशा थोड्या गाड्या निघाल्या आणि मग त्या काढणारेच थांबले. अंग सगळं फायबरचं, त्यामुळे गंज नव्हता. बाकी जे उंदरांना खाता येतं ते उंदरांनी खाल्लं होतं. गोठ्याच्या मालकाच्या मिशा थेट ओठांवर उतरलेल्या असल्यामुळे जॉबरना त्यांचा एक शब्द वाचता येईना. मला दुभाषा व्हावं लागलं.

"थोरल्यानं आणली व्हती हौसेनं," मालक म्हणाले. "एक बायकू आन् एक सोता, एवढीच जागा. पोरं झाल्यावर काय डोस्क्यावर बसवायची?"

"चालते का विचारा," जॉबर अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले.

"चालत न्हाय. कोंबडी बसती तितं."

डाव्या सीटवर खरंच एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आमच्याकडे मालकिणीच्या नजरेनं बघत होती. एका जुन्या मोटरसायकलच्या भावात सौदा ठरला. मालक कोंबडी उचलायला वाकले, तर जॉबरनी त्यांचा हात धरला. "राहू द्या की. पिल्लं निघू द्या. मशीन कुठं पळतंय?"

अकरा दिवस ते थांबले. बाराव्या दिवशी टेम्पो घेऊन गेले. जॉबरच्या संयमाची ही गोष्ट मी तेव्हा कौतुकानं सगळ्यांना सांगत असे. आता सांगताना जीभ जड होते.

तीन वर्षं ती गाडी त्यांच्या दारात उभी होती. मूळ सुटे भाग जगात कुठे मिळत नव्हते, त्यामुळे दाराची कडी रिक्षाची, मागचे दिवे टेम्पोचे, आणि एक पट्टा तर सरळ मागाचा लागला. सीट आणि टप रफिकभाईंनी शिवले. सात रस्त्याजवळ त्यांचं सीट कव्हरचं दुकान आहे आणि जॉबरशी त्यांची चाळीस वर्षांची दोस्ती. इंजिन ऐकू येत नसल्यामुळे जॉबर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ दातांत धरत आणि डोळे मिटत. "तिसरा सिलिंडर रुसलाय," असं मग निदान व्हायचं. मला हे ढोंग वाटायचं. तिसराच सिलिंडर निघायचा.

नरसाबाईंना गाडीत बसून कुठे जायचं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांना महाबळेश्वर नको होतं, गोवा नको होतं. त्यांना एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या गेटावर जायचं होतं. तेही संध्याकाळी पाळी सुटताना. ज्या गेटातून त्या सव्वीस वर्षं डबा घेऊन चालत आत गेल्या, त्या गेटासमोर त्यांना लाल गाडीतून उतरायचं होतं, आणि अजून तिथेच कामाला असलेल्या रंगूबाई नावाच्या मैत्रिणीचं तोंड बघायचं होतं. माणसाच्या महत्त्वाकांक्षांबद्दल मी बरंच वाचलं आहे. इतकी नेमकी महत्त्वाकांक्षा क्वचित आढळली.

अडचण एकच होती. गाडी चालवताना जॉबरना डावीकडे बघता येणार नाही, म्हणजे बायकोचे ओठ वाचता येणार नाहीत. त्यांनी मधला आरसा फिरवला आणि डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे लावला. नोंदणीचं नूतनीकरण करायला आम्ही आरटीओत गेलो. अर्ज भरणं माझ्याकडे होतं. तपासणीला आलेल्या तरुण मॅडम म्हणाल्या, "काका, हा आरसा मागचं बघायला असतो."

"मागं काय बघायचं मॅडम? मागच्याला आपण दिसतोय की."

मॅडमनी स्वतः आरसा सरळ केला. जॉबरनी मान डोलावली, कागद घेतला, आणि फाटकाबाहेर पडल्याबरोबर आरसा पुन्हा डावीकडे फिरवला.

म्हणजे गाडी तयार होती, कागद तयार होता, आरसा तयार होता. पण जॉबरांचा एक नियम होता. दुरुस्त केलेला माग ते लगेच विणकराच्या हाती देत नसत. आधी एक अख्खी पाळी स्वतः चालवायचा. एक तार तुटली तर पुन्हा उघडायचा. "माग झाला असं जॉबरनं म्हणायचं नसतंय सर," ते सांगत. "ते विणकरानं म्हणायचं." या नियमावर त्यांची अडतीस वर्षांची अब्रू उभी होती.

आणि त्याच सुमारास नरसाबाईंची छाती बिघडली. सव्वीस वर्षं कापसाची धूळ ओढलेली. आधी जिना चढताना धाप, मग बसल्या जागी. जराही हिसका बसला की खोकल्याची उबळ येई, आणि उबळ आली की ओठ निळे पडत. जॉबर ते ओठ बघत आणि गाडीकडे जात. गाडी हिसके देते, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून डावीकडची स्प्रिंग त्यांनी नरसाबाईंच्या वजनाच्या मापानं बसवायला घेतली.

त्यासाठी त्यांनी एक पोतं केलं. कारखान्यातून सूत गुंडाळलेले शंकूसारखे कोन आणले, प्रत्येक साधारण दोन किलोचा. दवाखान्याच्या कागदावर नरसाबाईंचं जे वजन लिहिलेलं असेल तितके कोन पोत्यात भरायचे, पोतं डाव्या सीटवर बसवायचं, त्याला पट्टा लावायचा. पोत्याच्या तोंडापासून समोरच्या कप्प्याच्या मुठीपर्यंत एक कच्चा सुती दोरा ताणून बांधायचा. मग घरापासून कारखान्याच्या गेटापर्यंत आणि परत. दोरा तुटला तर गाडी नापास.

दोरा रोज तुटायचा. आमचे रस्ते असे आहेत की तिथे दोरखंडही टिकला नसता. जॉबर परत येत, गाडीखाली शिरत, स्प्रिंग काढत. तेवढ्यात दवाखान्याचा नवा कागद येई आणि वजन दोन किलोंनी उतरलेलं असे. हलक्या माणसाला तीच स्प्रिंग पुन्हा कडक होते. जॉबर पोत्यातून एक कोन काढून ओट्यावर ठेवत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. सुरुवातीला पोत्यात तेवीस कोन होते. मी गॅलरीत पेपर वाचत बसे आणि ओट्यावरचे कोन मोजणं टाळत असे.

याच काळात शहरात जुन्या गाड्यांची फेरी निघाली. एका क्लबनं ती 'वारसा जपण्यासाठी' काढली होती. वारसा जपायला फेटे आले, ढोल आले, आणि सव्वादोन तास उशिरा प्रमुख पाहुणे आले. उद्योगपतींच्या लांबलचक गाड्या पुढे, त्यांत नथ आणि नऊवारी घातलेल्या त्यांच्या पत्नी. जॉबरांच्या गाडीला वारसा म्हणण्याइतकं वय नाही म्हणून तिला सगळ्यात शेवटी चौदावा नंबर मिळाला होता. ते फेरीत का शिरले, याचं मला आश्चर्य वाटलं. मग समजलं. फेरीसाठी रस्ता नुकताच डांबरी केला होता.

सात रस्त्याला मंडप होता आणि माईकवर एक जोरदार निवेदक. प्रत्येक गाडीबरोबर तो जोडप्याचं नाव घेऊन काहीतरी यमक जुळवत होता. शेवटी लाल गाडी आली. उजवीकडे जॉबर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नजर रस्त्यावर. डावीकडे पट्टा लावलेलं पोतं.

"आणि चौदा नंबरला आहेत श्रीयुत दासरी," निवेदक म्हणाला, "आणि सौभाग्यवती... पोतं."

मंडप हसला. पाहुणेही हसले. जॉबरना काही ऐकू आलं नाही. माणसं हसताना दिसली म्हणून त्यांनीही हसून हात केला. माझ्या शेजारी उभे असलेले रफिकभाई हसले नाहीत.

नंतर सगळ्यांना एकेक सोलापुरी चादर देऊन सत्कार झाला. बाकीच्यांनी ती खांद्यावर घेऊन फोटो काढले. जॉबरनी चादर तिथल्या तिथे उलटी केली, मागची बाजू बोटानं चाचपली, आणि पाहुण्यांना त्यांच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "दोन तारा तुटल्यात. कुणी बघितलं नाही." त्या कार्यक्रमातलं माझ्या लक्षात राहिलेलं एवढं एकच भाषण.

मंडपामागे रफिकभाईंनी त्यांना गाठलं. समोर उभे राहून, ओठ नीट दिसतील असे हलवत म्हणाले, "अंबादास, कित्ता टेस्ट करतोस रे? भाभीला बसव आता."

"दोरा टिकू दे."

"दोरे को मार गोली. तू ताजमहल बनारा क्या? वो बेगम जाने के बाद बनाते, मालूम है ना?"

जॉबर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. वाचलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग ते वाकले आणि पोत्याच्या तोंडाची गाठ तपासायला लागले. त्या दिवशीच्या नव्या डांबरावरही दोरा तुटला होता.

संक्रांतीनंतरची एक दुपार. चार वाजले असतील. जॉबर नरसाबाईंना हाताला धरून ओट्यावरून खाली घेऊन आले. त्यांनी पोतं उचललं, बाजूला ठेवलं, आणि नरसाबाईंना डाव्या सीटवर बसवलं. मी गॅलरीत पेपर खाली ठेवला. वाटलं, निघाले. पण गाडी जागची हलली नाही. इंजिनही सुरू केलं नव्हतं. नुसता आरसा लावून बघत होते, तिच्या उंचीला.

मग ती त्या आरशात बघून बोलायला लागली. अर्धा तास. जॉबर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर आणि आरशात, समोर आणि आरशात बघत होते. नरसाबाई मध्येच कुणाकडे तरी हात करत होत्या, पदर नीट करत होत्या, हसत होत्या. एकदा खोकल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. मध्ये एकदा जॉबरनी हॉर्न वाजवला. गल्लीत कुत्रंही नव्हतं. म्हाताऱ्यांना चेव आलाय, एवढंच मी मनात म्हटलं आणि पेपर उचलला. असे शेरे मारण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

त्यानंतर बरोबर एक महिन्यानं दोरा टिकला. पोत्यात तेव्हा सतरा कोन होते. सकाळी अकराला गाडी दारात येऊन थांबली आणि जॉबर उतरून, न तुटलेला दोरा दोन्ही हातांत धरून, घरात पळत गेले. साठी ओलांडलेल्या माणसाला इतकं पळताना मी पाहिलेलं नव्हतं. मीही मागोमाग गेलो.

नरसाबाई खाटेवर होत्या. चार दिवसांपूर्वी नाकात नळी लागली होती आणि डॉक्टरनी खाटेवरून हलवायला मनाई केली होती. जॉबरना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी दोरा तिच्यासमोर धरला. तिनं तो चिमटीत घेतला, कांडीवाल्या बायका घेतात तसा सरकवून तपासला, कुठे पीळ सैल नाही हे पाहिलं. मग सावकाश डाव्या हाताच्या बोटावर गुंडाळून घेतला, कांडी भरावी तसा.

आठ दिवस गाडी दारात पास होऊन उभी होती. नवव्या दिवशी पहाटे नरसाबाई गेल्या. दोरा बोटावर होता. बायकांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, पण दोरा कुणी काढला नाही.

तेराव्यानंतर तीन-चार दिवसांनी, संध्याकाळी, जॉबरनी रस्त्यापलीकडून हाक मारली. "सर, येता का? गेटापर्यंत जाऊन येऊ."

मी गाडीपाशी गेलो आणि थांबलो. ते म्हणाले, "बसा. पोतं काढलंय."

मी बसलो. आरसा तसाच होता, जरा खाली लागलेला. त्यात मला माझी हनुवटी आणि तोंड दिसत होतं. गाडी निघाली. खरं सांगतो, आयुष्यात मी इतक्या अलगद चालणाऱ्या गाडीत बसलेलो नाही. खड्डे दिसत होते, लागत नव्हते. जॉबर समोर बघत, मग सवयीनं आरशात बघत, तिथे माझं तोंड दिसलं की पुन्हा समोर. दोन-तीनदा त्यांनी विचारलं, "काही बोललात का सर?" मी मान हलवली. मी ओठ मिटून धरले होते.

पाण्याच्या टाकीच्या पुढे ते आपणहून बोलायला लागले. टप उघडा, आवाज नेहमीचा, शेजारून जाणारे सायकलवाले वळून बघत होते.

"त्या दिवशी बसवली होती ना सर, दारात. तेव्हा ती सगळी वाट बोलली. आता टाकी आली म्हणाली. आता नळावरच्या बायका बघतायत म्हणाली. मग गेट आलं. पाळी सुटली. रंगूबाई डबा घेऊन उभी आहे, तिचं तोंड बघा म्हणाली. हॉर्न वाजवा म्हणाली. वाजवला मी. मग उतरल्यासारखं केलं, परत बसल्यासारखं केलं. घरी आलो. आणि म्हणाली, झाली गाडी."

समोरून एक ट्रक गेला.

"विणकरानं म्हणायचं असतंय सर, झाला माग. ती म्हणाली. मी स्पष्ट वाचलं. आणि मी तिला म्हणालो, अजून दोरा तुटतोय."

मी हनुवटी आरशातून बाजूला घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा पाळी सुटतच होती. गेटातून सायकली, मोटरसायकली, डबे. जॉबरनी गाडी बरोबर फाटकासमोर लावली आणि एकदा हॉर्न वाजवला. माणसं थबकली. काहींनी मोबाईल काढले, मग जॉबरना ओळखून परत खिशात ठेवले. गर्दीतून एक उंच, वाकलेली बाई पुढे आली. केसांत कापसाचे तंतू, हातात डबा. ती गाडीच्या डाव्या बाजूला, माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, पण माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. वाकून आरशात पाहिलं. आणि ओठ हलवले. आवाज न करता, बराच वेळ. जॉबरनीही आरशातच बघून, आवाज न करता, उत्तर दिलं. पहिल्यांदाच मी तो बिनआवाजी बोलणारा माणूस हाताच्या अंतरावरून पाहत होतो. रंगूबाईंनी डबा खाली ठेवला, पदरानं माझ्या बाजूच्या दाराचं फायबर पुसलं, आणि डबा उचलून चालायला लागल्या.

मी दार उघडलं. म्हणालो, मी रिक्षानं जातो. आरशातून त्यांनी ते वाचलं आणि आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची मुलगी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली. गाडी ते स्वतः चालवत घेऊन गेले, असं रफिकभाईंनी सांगितलं. ते निघाले तेव्हा मी घरी नव्हतो. मला दिसलेले शेवटचे जॉबर गेटावरचेच. लाल गाडी सायकलींच्या गर्दीतून हळूहळू निघाली. त्यांचं डोकं समोर, मग जरा वर आरशाकडे, मग समोर. मी हात केला. पण त्या आरशात मी नव्हतो. पुढे जाताना त्यांनी एकदा ओठ हलवलेले मला बाजूनं दिसले. मग ते थांबले, आरशात बघितलं, आणि मान डोलावली.